दहा करंगळ्या

गोरेगावच्या शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर दहा करंगळ्या आहेत. हात नाहीत, माणसं नाहीत, नुसत्या करंगळ्या, एका ओळीत. भिंतीला चुना देतात, एक पावसाळा जातो आणि त्या पुन्हा वर येतात. लेकरं त्या भिंतीला टेकत नाहीत. भानामती म्हणतात. भिंतीसमोरचं घर माझं, म्हणून शाळेत नव्यानं आलेल्या बाई परवा माझ्याकडं विचारायला आल्या.

मी म्हणाले, भानामती-बिनामती काही नाही. चुना ऑइलपेंटवर धरत नाही, पापुद्रा सुटतो. त्या म्हणाल्या, "मग आजी, ऑइलपेंटनं नुसत्या करंगळ्याच कोणी काढल्या? आणि कशाला?"

हे दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते. माझं शिक्षण चौथी. जसं आठवतं तसं लिहीन.

त्या करंगळ्या किसन पेंटरच्या हातच्या. गावातल्या सगळ्या पाट्या, जीपच्या नंबरप्लेटा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या सूचना तोच रंगवायचा. उंच, वाळका माणूस. कानामागं ब्रश, आणि त्या कानाची पाळी कायम कुठल्यातरी रंगाची. आज काय काम केलं ते त्याच्या कानावरून कळायचं. निळा असला तर बौद्धवाड्यातलं काम, पिवळा असला तर जीपवाल्यांचं.

हात चांगला होता, पण धांदरट. रंग ओघळायचा, अक्षर चुकायचं. चूक झाली की तो ती पुसत नसे. तिच्यावर झुडूप काढायचा. "पुसलं की डाग पडतो, मावशी. झुडपाला कोणी नावं ठेवत न्हाई." त्यामुळं आमच्या गावात कुठंही झुडपं उगवलेली होती. खताच्या जाहिरातीत झुडूप, न्हाव्याच्या आरशाशेजारी झुडूप. किराणावाला शेठ एकदा त्याला धरून म्हणाला, "पेंटर, माझ्या साबणाच्या वडीवर झाड काहून उगवलं?"

"सावलीला आसू द्या, शेठ. उन्हाळा लई हाय."

शेठ हसला आणि पाटी तशीच राहिली. अजून आहे.

त्याला एकच लेकरू, सुजाता. ती आठ वर्षांची असताना कडबा कुट्टीच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची करंगळी गेली. चाक पेंटर फिरवत होता, ती धाटं आत सारत होती. खेड्यात हे होतं. आमच्याच आळीत तीन माणसं तुटक्या बोटांची आहेत. चाक कोण फिरवत होतं ते पुढं कोणी बोलत नाही. पेंटरला कोणी बोललंही नाही. त्यानं करंगळी रंगाच्या फडक्यात गुंडाळली आणि पोरीला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी जखम शिवली, फडकं तसंच परत दिलं. ती करंगळी त्यानं कुठं पुरली ते बायकोलाही सांगितलं नाही.

तेव्हापासून तो ब्रश धरताना स्वतःची करंगळी तळहातात दुमडून धरायला लागला. चहाची बशीही तशीच धरायचा. मी विचारलं, "बोटाला काय झालं रे?"

"काही न्हाई. सवय लावून राहिलो."

सुजाता हात फ्रॉकमध्ये घालून हिंडायची. शाळेतही डाव्या हातानं लिहायचा हट्ट करायची आणि मार खायची.

त्याच साली माझ्या थोरल्यानं परभणीहून काळापांढरा टीव्ही आणला. रविवारी सकाळी त्यावर हिंदीत बोलणारी चित्रं लागायची. त्या मालिकेचं नाव माझ्या ध्यानात कधी राहिलं नाही. जाकीट घातलेलं एक जनावर होतं. अस्वल होतं का मुंगूस ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण सुजाता त्याला मुंगूसमामा म्हणायची. तो दर रविवारी एक यंत्र बनवायचा, यंत्र बिघडायचं आणि त्याचं घर नदीत पडायचं. मग छपरावर बसून वाहत जाताना तो म्हणायचा, "अगली बार पक्का!" पुढच्या रविवारी घर पुन्हा जागच्या जागी. गावात ते बोलणं इतकं पसरलं, की सेनगावची जीप बंद पडली तर ड्रायव्हर खाली उतरायच्या आत आतली माणसं ओरडायची, "अगली बार पक्का!"

पेंटर पहिल्यांदा आला तेव्हा ओट्यावर बसून खिडकीतून पाहत होता. मी आत ये म्हणाले नाही. गावात तेव्हा तसंच होतं, आणि मी गावापेक्षा वेगळी नव्हते. सुजाता मात्र सरळ आत येऊन टीव्हीसमोर बसली.

"सुजे, भाईर ये," पेंटर खिडकीतून म्हणाला.

"भाईरून दिसत न्हाई, बाबा."

ती खरं बोलत होती. थोड्या वेळानं तोही आत आला आणि दारापाशी बसला. मी त्याला बाहेर जा म्हणाले नाही. त्यात माझा मोठेपणा नव्हता. टीव्ही चालू होता आणि मलाही पाहायचं होतं.

त्याच दिवशी ती एकदम म्हणाली, "बाबा, याला चारच बोटं हायेत."

मी पाहिलं. खरंच. मुंगूसमामाला चार, त्याच्या बायकोला चार, पोलिसाला चार. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. सुजाताचा हात फ्रॉकमधून बाहेर आला होता आणि ती काचेवर एकेकाची बोटं मोजत होती.

पेंटर म्हणाला, "मग? चित्रवाल्याला ठाऊक हाय की, आशीबी लेकरं आसतात. त्यानं मुद्दाम तुझ्यासारखे काढले."

"खरं?"

"मावशीला विचार."

मला खोटं बोलणं आवडत नाही. मी म्हणाले, "मला काय ठाऊक चित्रातलं." पण तिला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी ती हात बाहेर काढून शाळेत गेली. पोरं तिला चारबोटी म्हणाली तेव्हा तिनं सुनावलं, "मुंगूसमामालाबी चारच हायेत."

पुढं दोन-अडीच वर्षं ते दोघं एकही रविवार चुकले नाहीत. टीव्ही काळापांढरा, म्हणून रंग पेंटर सांगायचा. "जाकीट कसलं, बाबा?" "मोरपंखी." "आन छत्री?" "छत्री वांग्याच्या रंगाची." खरे रंग कुठले होते देव जाणे. मला मात्र ते जाकीट आजही मोरपंखीच दिसतं. चित्रवाल्याची चोरी पकडण्यातही तो पटाईत. मुंगूसमामा पळायला लागला की म्हणायचा, "मागचं झाड बघा, मावशी. एकच काढलंय आन तेच फिरवून राहिला. माझाच भाऊ हाय."

एकदा रविवार नसताना सुजाता आली. मी ओट्यावर तुरीची डाळ निवडत होते. ती माझ्याबरोबर खडे काढायला बसली. त्या चार बोटांनी ती भराभर निवडायची. मग मान वर न करता म्हणाली, "आजी, बाबा खोटं बोलतो."

"काय खोटं बोलला?"

"ती चार बोटं माझ्यासाठी न्हाई काढली. चित्रवाल्यानं कंटाळा केला. बाबाबी लई माणसं काढायची आसली की त्यांचे पाय गवतात लपवतो."

पेंटरची लेक ती. तिला कोण फसवणार?

"मग सांग की त्याला."

"नगं. त्याला बरं वाटतं. तुमीबी सांगू नगा."

मी हो म्हणाले.

अकराव्या वर्षी ती काविळीनं गेली. गावठी औषध केलं, मग हिंगोलीला नेलं, तोवर उशीर झाला होता. नऊ दिवसांत सगळं संपलं. त्याची बायको गयाबाई मोठ्यानं रडली, आणि महिनाभरानं निंदणीला जायला लागली. पेंटर रडला का ते मी पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी तो आला. एकटा. नेहमीच्या जागी बसला आणि उजव्या बाजूला हातभर जागा सोडली. मी एकदा तिथं पिठाची परात ठेवली तर त्यानं ती उचलून चुलीपाशी नेऊन ठेवली. तेव्हापासून मी त्या जागेला हात लावला नाही. चित्रं सुरू झाली की तो बारीक आवाजात म्हणायचा, "आज टोपी तांबडी हाय." माझ्याकडं पाहून म्हणत नसे. माझी जाऊ एकदा आली होती, तिनं ते ऐकलं आणि परत रविवारी आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. मी भीतबीत नाही. तरी ती चित्रं संपेपर्यंत त्या हातभर जागेकडं पाहायचं मी टाळत होते.

त्याच वर्षी शाळेची ही भिंत रंगवायचं काम त्याच्याकडं आलं. शाळेत निघालेली अकरा लेकरं, सगळ्यांचा एक हात वर. शेवटी एक वेणीवाली पोरगी. काम छान झालं होतं, एकही झुडूप नव्हतं. हेडमास्तर पाहायला आले. मी ओट्यावरून ऐकत होते.

"पेंटर, या लेकरांना चारच बोटं काहून?"

"पाचवं दुमडलंय, गुरुजी."

"सगळ्यांचंच?"

"शिस्त हाय तुमच्या शाळंला."

हेडमास्तरांना हसावं का रागवावं ते कळलं नाही. पोरीची गोष्ट त्यांना ठाऊक होती, त्यामुळं ते तसेच निघून गेले. त्यानंतर पेंटरनं जिथं जिथं माणूस काढला, त्याला चारच बोटं दिली. ही एक चूक त्यानं कधी झुडपानं झाकली नाही.

मग तो रविवार आला.

त्या दिवशीची चित्रं वेगळीच होती. मुंगूसमामा पळत होता. पळता पळता थांबला आणि मागच्या झाडाला म्हणाला, "तू सातवी बार आया." झाड म्हणालं, मी तरी काय करू, मला एकट्यालाच काढलंय. पेंटरनं मांडीवर थाप मारली. "बघा! म्या सांगत नव्हतो?" त्या दिवशी मालिका स्वतःचीच टिंगल करत होती. बायको मुंगूसमामाला म्हणाली, घर दर आठवड्याला बुडतं तर मग सोमवारी ते कोण बांधतं? पोलीस म्हणाला, माझी टोपी कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला असते, कोणी पाहतं का नाही? पेंटर डोळ्यांतून पाणी येईतो हसत होता. पोरगी गेल्यापासून त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं पकडलेल्या सगळ्या चोऱ्या एकेक करून ती चित्रं स्वतःच कबूल करत होती.

शेवटी मुंगूसमामानं स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. एक, दो, तीन, चार. "अरे, पाँचवीं कहाँ है?" वरून एक मोठा, खरा माणसाचा हात आला, पेन्सिल धरलेला. आवाज आला, पाचवं काढायला वेळ लागतो, कोण एवढी मेहनत करणार? टीव्हीतच मागं पुष्कळ माणसं हसली. मग त्या पेन्सिलीनं मुंगूसमामाला पाचवं बोट काढून दिलं. त्यानं ते हलवून पाहिलं, घाबरला, किंचाळला, आणि हात जाकिटाखाली लपवून पळत सुटला.

पेंटरचं हसू थांबलं. त्या हात लपवण्यानं थांबलं, हे मला तेव्हाच कळलं. चित्रं संपली, दुसरं काही सुरू झालं, मी टीव्ही बंद केला. तो उजवीकडच्या मोकळ्या जागेकडं पाहत बसला होता.

"बरं झालं," तो म्हणाला.

"काय बरं झालं?"

"सुजी न्हाई ते. आज आसती तर तिला कळलं आसतं, बाप खोटं बोलला म्हणून. त्याच्यापरीस मेली ते बरं झालं."

माझ्यानं ऐकवलं नाही. लेकरू मेलं ते बरं झालं म्हणतो, आणि कशापायी, तर एका खोट्यापायी. मी आयुष्यभर तोंडावर बोलत आले. त्या वेळीही बोलले.

"तिला ठाऊक होतं."

त्यानं मान वळवली.

"काय ठाऊक होतं?"

मी सगळं सांगितलं. डाळ, खडे, गवतात लपवलेले पाय. त्याला बरं वाटतं, असं म्हणाली, तेही सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा माझ्या समोर म्हातारा होत गेला.

"शब्दाला शब्द सांगा, मावशी. ती म्हणाली तसं."

मी पुन्हा सांगितलं. मग त्यानं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगून झालं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी ती माझ्यासाठी येत व्हती इथं." आणि उठून गेला. दाराबाहेर चपला घालताना त्याचे पाय चुकत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो भिंतीपाशी हजर. हातात छोटा डबा, जीपच्या पाटीचा उरलेला ऑइलपेंट, त्यात काहीतरी मिसळून गव्हाळ केलेला. एकेका लेकराच्या हाताला तो करंगळी काढत निघाला. मी रस्ता ओलांडून गेले.

"सगळी भिंत डिस्टेंपरची आन हा ऑइलपेंट काहून?"

"हे पुसाया नगं."

दहा लेकरांना करंगळ्या झाल्या. अकराव्या, वेणीवाल्या पोरीपाशी तो थांबला आणि डब्याचं झाकण लावलं. तोवर हेडमास्तर आले होते. ते म्हणाले, "पेंटर, या एकीचं राहिलं की."

"तिचं तेवढंच हाय, गुरुजी."

मला वाटलं, संपलं. माणूस सुटला. मी त्याला सोडवलं, असंही मनात येऊन गेलं. पण पुढच्या रविवारी तो चित्रं लागायच्या आधीच आला आणि म्हणाला, "टीव्ही लावू नगा. ती काय म्हणाली ते सांगा."

मी सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही सांगितलं. पाचसहा वेळा झालं असेल. एका खेपेला तो म्हणाला, "मागल्या डावाला तुमी म्हणलात, चित्रवाल्यानं कंटाळा केला. आज म्हणून राहिलात, आळस केला. ती काय म्हणाली व्हती?"

"तेच की रे. दोन्ही एकच."

"एक कसं? तिचं बोलणं हाय ते."

मी आठवून पाहिलं. मला तिची बोटं दिसत होती, सुपातली डाळ दिसत होती. शब्द हाताला लागेना. मग त्यानं हळूच विचारलं, "मावशी, खरंच म्हणाली व्हती ना ती? का म्या तवा 'बरं झालं' म्हणलो म्हणून तुमी माझी समजूत काढून राहिलात?"

मी म्हणाले, "मी कुणाची समजूत काढत नसते, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"व्हय," तो म्हणाला. "ते हायच." पण त्याला पटलं नव्हतं. गेलेल्या लेकराला दिलेला शब्द मी मोडला, आणि ज्याच्यासाठी मोडला त्याच्या हाती नुसता संशय दिला. पुढच्या रविवारी तो आला नाही. मी टीव्ही लावला आणि त्या हातभर जागेकडं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. आधीही नव्हतं, पण आता नव्हतं ते दिसत होतं.

मग गावोगाव फ्लेक्सच्या पाट्या आल्या. पेंटर बायकोला घेऊन हिंगोलीला गेला, तिथं एका दुकानात फ्लेक्स चौकटीवर ठोकायच्या कामाला लागला म्हणे. भिंतीला चुना दिला, चित्रातली लेकरं गेली, करंगळ्या राहिल्या.

त्याला शेवटचं पाहिलं त्याला आता चार वर्षं होतील. दुपारची वेळ, मी ओट्यावर बसले होते. हिंगोलीची जीप थांबली आणि तो उतरला. केस पांढरे, कानाला कुठलाच रंग नाही. कोणाच्या तरी लग्नाला आला असावा, अंगात धुवट सदरा होता. तो माझ्याकडं पाठ करून भिंतीसमोर उभा राहिला. पहिल्या करंगळीपासून चालायला लागला, एकेकीवर बोट टेकवत. दहावी झाली. तिच्यापुढं नुसता चुना होता. तिथं वेणीवाली पोरगी होती हे आम्हां दोघांशिवाय कोणाला सांगता आलं नसतं. त्यानं उजवा हात वर केला, करंगळी दुमडली आणि चार बोटांचा तळवा त्या चुन्यावर टेकवला. बराच वेळ तसाच उभा होता. रस्त्यानं जाणारी पोरं पाहून हसली आणि मग हसायची थांबली.

माझं दार त्याच्या पाठीमागं पंधरा पावलांवर होतं. हाक मारली असती तर तो आला असता. मी त्याला चहा दिला असता, आणि चहा झाल्यावर त्यानं विचारलं असतं, ती काय म्हणाली होती, शब्दाला शब्द सांगा.

वर मी लिहिलं आहे ती काय म्हणाली ते. लिहिताना तीनदा खोडलं. ती तसंच म्हणाली होती असं आता मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्यानं हात काढला आणि तळव्याला लागलेला चुना सदऱ्याला पुसला. तो वळणार एवढ्यात मी उठले, घरात गेले आणि दार लोटून घेतलं.